आधी नमुना, मग गोळी

भाताची लावणी उरकत आली की मावळात तापाच्या रुग्णांची गर्दी वाढते, आणि त्यांच्या हाती पडणारे रिपोर्टही बहुतेक एकाच साच्यातले असतात. विडाल पॉझिटिव्ह, पांढऱ्या पेशी थोड्या खाली, डेंग्यूची पट्टी निगेटिव्ह. मग सलाईन, शिरेतून एक अँटिबायोटिक आणि घरी जाताना पाच दिवसांच्या गोळ्या. ताप उतरला तर टायफॉइड बरा झाला म्हणायचे, नाही उतरला तर तळेगावला दाखवायचे, तिथूनही नाही जमले तर पुण्याला न्यायचे. या सगळ्या धावपळीत ताप आणणारा जंतू नेमका कोणता होता, हे मात्र कोणी शोधलेले नसते. नवलाख उंबरे असो, टाकवे असो की महाराष्ट्रातले दुसरे कुठलेही गाव, चित्र फारसे वेगळे नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की ज्या तापाच्या रुग्णाला अँटिबायोटिक द्यायचे डॉक्टरांनी ठरवले आहे, त्याला पहिला डोस देण्याआधी त्याच्या रक्ताचा नमुना कल्चरसाठी घेतला गेला पाहिजे. आणि तो तपासण्याची सोय तालुक्यातच, सरकारी खर्चाने असली पाहिजे. मागणी छोटी वाटते. ती पूर्ण होत नाही म्हणून होणारे नुकसान छोटे नाही.

नवलाख उंबरे हे गाव या चर्चेसाठी मुद्दाम घ्यावे असे आहे. एका बाजूला भातखाचरे, गुरे, उंदीर, गुडघाभर चिखल. दुसऱ्या बाजूला तळेगाव एमआयडीसीचे कारखाने आणि त्यांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या खोल्यांच्या चाळी. त्या चाळींत बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, ओडिशा, मराठवाडा, विदर्भ इथून आलेली माणसे राहतात. त्यामुळे एकाच गल्लीतल्या तीन तापांची कारणे तीन असू शकतात. खाचरात अनवाणी राबणाऱ्या शेतकऱ्याच्या पायाच्या भेगेतून लेप्टोस्पायरा शिरू शकतो, कारण उंदराच्या मुतातून तो साचलेल्या पाण्यात उतरलेला असतो. बांधावरचे गवत कापणाऱ्या बाईला गवतातल्या सूक्ष्म गोचिडीसारख्या किड्याच्या अळीने चावून स्क्रब टायफस दिलेला असू शकतो. गावाहून सुट्टी संपवून परतलेल्या ओडिशाच्या मजुराच्या रक्तात फाल्सिपेरम मलेरिया असू शकतो, आणि चाळीच्या गच्चीवरच्या उघड्या टाकीतले डास डेंग्यू वाटत असतात. टायफॉइड तर पाण्याबरोबर येतोच. पहिले चार दिवस या पाचही आजारांचे रूप एकच: ताप, डोकेदुखी, अंग मोडून येणे, मळमळ. कितीही अनुभवी डॉक्टर असला तरी नुसत्या नाडीवर आणि जिभेवर यांना वेगळे करू शकत नाही.

उपचार मात्र एक नाही. टायफॉइडसाठी सर्रास दिले जाणारे सेफ्ट्रिअॅक्सोन स्क्रब टायफसवर चालत नाही, कारण तो जंतू आपल्या पेशींच्या आत लपून वाढतो. त्याला डॉक्सिसायक्लिन किंवा अॅझिथ्रोमायसिन लागते, आणि तेही लवकर. काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली किंवा जांघेत सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली दिसली तर निदान तिथेच होते. पण ती शोधायला रुग्णाचे कपडे काढून पाहावे लागते आणि गर्दीच्या ओपीडीत ते घडत नाही. डेंग्यूला कुठलेच अँटिबायोटिक नको असते, हवी असते ती द्रवपदार्थांवरची नजर आणि काही वेदनाशामक गोळ्यांपासून दूर राहणे. मलेरियाला वेगळेच औषध. म्हणजे चुकीचे नाव लागले तर रुग्णाला निरुपयोगी औषध मिळते एवढेच होत नाही, उपयोगी औषध मिळण्याचे दिवसही हातचे जातात. स्क्रब टायफस दुसऱ्या आठवड्यात फुप्फुस, मेंदू आणि मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो, तेव्हा त्या गेलेल्या दिवसांची किंमत कळते.

इथे विडाल चाचणीबद्दल स्पष्ट बोलायला हवे, कारण ग्रामीण महाराष्ट्रातला बहुतांश ‘टायफॉइड’ तिच्यावरच उभा आहे. १८९६ मध्ये फर्नांद विडाल या फ्रेंच वैद्याने ती मांडली तेव्हा ती खरोखर मोठी गोष्ट होती. रुग्णाच्या रक्तजलात टायफॉइडचे मेलेले जंतू मिसळायचे. रक्तजलात प्रतिपिंडे असतील तर जंतूंचे पुंजके दिसतात. अडचण अशी की ही प्रतिपिंडे आज झालेल्या आजाराची आहेत, दोन वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या आजाराची आहेत, लशीची आहेत की साल्मोनेलाच्या दुसऱ्या एखाद्या भाऊबंदाची, हे ती सांगू शकत नाही. जिथे दूषित पाणी नित्याचे आहे तिथे धडधाकट माणसाच्या रक्तातही ती थोडीफार सापडतात. शिवाय आजाराच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे नेमके निदान हवे असते तेव्हा, खऱ्या टायफॉइडमध्येही ती पुरेशी तयार झालेली नसतात. शास्त्राप्रमाणे सात ते दहा दिवसांच्या अंतराने दोन नमुने घेऊन प्रमाण चौपट वाढले का ते पाहायचे. असे दोन नमुने प्रत्यक्षात कोण घेतो? एका थेंबावर, काचपट्टीवर, दोन मिनिटांत केलेल्या विडालचा आकडा म्हणजे निदान, अशी समजूत डॉक्टर आणि रुग्ण दोघांनी मिळून पक्की केली आहे.

आता हेच काम सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा कसे करते ते पाहण्यासारखे आहे, कारण त्यात अंदाजाला जागा हळूहळू कमी होत जाते. प्रौढ रुग्णाचे आठ ते दहा मिलिलिटर रक्त पोषक द्रव्याच्या बाटलीत सोडतात आणि बाटली ३७ अंशांवर ठेवतात. रक्तात जंतू असेल तर एक-दोन दिवसांत द्रव गढूळ होतो. त्यातला थेंब काचपट्टीवर पसरून ग्रॅमचे रंजन करायचे. डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांनी १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत आजही जंतूंच्या जगाची पहिली वाटणी करते: जांभळा रंग धरून ठेवणारे एकीकडे, तो सोडून गुलाबी होणारे दुसरीकडे. जांभळे गोल जंतू द्राक्षांच्या घोसासारखे दिसले तर स्टॅफिलोकॉकस, साखळीत दिसले तर स्ट्रेप्टोकॉकस हा पहिला अंदाज. घोसातला जंतू कातडीवरून चुकून नमुन्यात आलेला बिनधोक रहिवासी आहे की रक्तात शिरलेला घातक स्टॅफिलोकॉकस ऑरियस आहे, हे कोअॅग्युलेज चाचणी सांगते; घातक जंतू नळीतला प्लाझ्मा काही तासांत गोठवतो. टायफॉइडचा संशय असलेल्या बाटलीत मात्र गुलाबी दांडकी दिसतात. दांडकी तर ई. कोलायचीही असतात आणि क्लेब्सिएलाचीही, म्हणून पुढची पायरी मॅकॉन्की आगारची. या थाळीत लॅक्टोज साखर आणि रंग बदलणारे द्रव्य असते. ई. कोलाय लॅक्टोज आंबवतो, त्याच्या वसाहती गुलाबी येतात. साल्मोनेलाला लॅक्टोज पचत नाही, त्याच्या वसाहती फिक्या, रंगहीन. मग तीन साखरांची तिरकी नळी: वरचा उतार लाल, बुडखा पिवळा, मध्ये गंधकाच्या वायूने उमटलेली काळ्या मिशीसारखी बारीक रेघ आणि वायूचा बुडबुडा नाही, हे चिन्ह टायफीचे. पॅराटायफी ‘ए’ असेल तर बहुधा बुडबुडे दिसतात आणि काळेपण नसते. नळी काळी करणारा प्रोटिअसही असतो, पण तो युरिया फोडतो, टायफी फोडत नाही. शेवटी काचपट्टीवर जंतूचा कण आणि त्याच्याविरुद्ध तयार केलेले प्रतिरक्तजल एकत्र करायचे. पुंजके जमले की नाव पक्के.

या शेवटच्या पायरीत एक गंमत आहे. पुंजके जमण्याची रासायनिक क्रिया विडालमध्ये असते तीच इथेही असते, फक्त टोके उलटी. विडालमध्ये जंतू ओळखीचा आणि रक्तजल अनोळखी. प्रयोगशाळेत रक्तजल ओळखीचे आणि जंतू अनोळखी. पहिल्या पद्धतीत रुग्णाच्या रक्ताचा सगळा भूतकाळ उत्तरात मिसळतो. दुसऱ्या पद्धतीत समोर असतो तो आत्ता, या माणसाच्या रक्तातून उचललेला जिवंत जंतू. एका चाचणीला संशय म्हणायचे आणि दुसरीला पुरावा, ते एवढ्यासाठी.

जंतू हाती आला की आणखी एक गोष्ट शक्य होते, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची. त्याच जंतूचा थर थाळीवर पसरून त्यावर निरनिराळ्या अँटिबायोटिकच्या चकत्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक चकतीभोवती जंतू न वाढलेले वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचे. कोणते औषध लागू पडेल हे यातून कळते. भारतातल्या टायफॉइडच्या जंतूंपैकी बहुतांश आता सिप्रोफ्लॉक्सासिनला नीट दाद देत नाहीत, हे अशाच चकत्यांनी दाखवले. आणि एकेकाळी निकामी ठरलेल्या क्लोरॅम्फेनिकॉल, को-ट्रायमोक्साझोल या जुन्या, स्वस्त औषधांपुढे तोच जंतू पुन्हा बऱ्याच प्रमाणात नमतो, हेही त्यांनीच दाखवले. ही दुसरी बातमी मजुराच्या खिशासाठी किती महत्त्वाची आहे! पण ती कल्चरशिवाय वापरता येत नाही, कारण समोरच्या रुग्णाचा जंतू नमणाऱ्यांपैकी आहे की नाही हे कळायला हवे. २०१६ पासून पाकिस्तानच्या सिंध प्रांतात पसरलेल्या टायफॉइडवर सेफ्ट्रिअॅक्सोनही चालेनासे झाले. असा जंतू उद्या मावळात आला तर त्याची चाहूल विडालला कधीच लागणार नाही. ‘लॅन्सेट’मध्ये २०२२ साली आलेल्या जागतिक अंदाजाप्रमाणे औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात सुमारे १२.७ लाख माणसे थेट दगावली. त्या आकड्यात गावागावांतल्या अनोळखी तापांवर झाडलेल्या गोळ्यांचा वाटा आहे, हे नाकारता येणार नाही.

कल्चरवर विसंबण्याचे चांगले उदाहरणही महाराष्ट्रात आहे. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने टायफॉइडच्या संयुग्मित लशीची मोहीम काढली आणि पहिल्या टप्प्यात लाखाहून अधिक मुलांना ती टोचली. सरकारी यंत्रणेने अशी मोहीम काढण्याची ती जगातली पहिली वेळ मानली जाते. लशीने आजार किती घटला हे मोजताना रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू सापडलेले रुग्णच धरले गेले. विडालवर मोजले असते तर दुसऱ्याच कारणाने ताप आलेली मुलेही ‘पॉझिटिव्ह’ दिसण्याचा धोका होता आणि चांगल्या लशीवर नापासाचा शिक्का बसला असता.

‘विषाणूंना औषधच नाही, मग नाव कळून काय करायचे?’ हा आक्षेप वारंवार येतो. त्याला पुणे जिल्ह्यातल्याच एका गावाने उत्तर दिले आहे. जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरमध्ये तापाचे रुग्ण वाढले. पाठवलेल्या पहिल्या पाच नमुन्यांत तीन चिकुनगुन्याचे निघाले. तिथेच फाइल बंद झाली असती तर कोणी दोष दिला नसता. पण पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेचे, म्हणजे एनआयव्हीचे, पथक बेलसर आणि परिंचे इथे गेले, त्याने ४१ जणांचे रक्त घेतले. त्यात २५ जणांना चिकुनगुन्या, तिघांना डेंग्यू आणि एका पन्नाशीच्या बाईंना झिका निघाला. महाराष्ट्रात सापडलेला तो झिकाचा पहिला रुग्ण. तिन्ही विषाणू एकाच डासाने वाहिलेले, तिन्हींचा ताप एकसारखा, आणि तिन्हींवर विशिष्ट औषध नाही. तरीही नावाने फरक पडला, कारण झिका गर्भवतीला झाला तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. त्या बाई पूर्ण बऱ्या झाल्या; लक्ष पुरवायचे होते ते गावातल्या गर्भवतींकडे. ते पुरवता आले ते नाव कळल्यामुळे. २०२४ मध्ये पुणे शहरात झिकाचे रुग्ण निघाले तेव्हाही हाच प्रश्न सर्वांत पुढे होता.

दुसरे उदाहरण अधिक कडू आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलियन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक दाखल झाले. हातापायांतली ताकद जाणे, काहींना व्हेंटिलेटर. पुणे परिसरात संशयितांची संख्या दोनशेच्या पलीकडे गेली. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा जंतू आणि नोरोव्हायरस सापडले आणि पाण्याकडे बोट गेले. कॅम्पायलोबॅक्टर हा ओळखायला त्रासदायक जंतू आहे. नेहमीच्या थाळीवर, नेहमीच्या हवेत तो वाढत नाही. त्याला साधारण पाच टक्के ऑक्सिजन, ४२ अंश उष्णता आणि इतर जंतूंना रोखणारी खास थाळी लागते. मग सूक्ष्मदर्शकाखाली तो उडत्या पाणपक्ष्याच्या पंखांसारखा वाकडा दिसतो. आणि वेळ निसटण्याची खरी अडचण पुढेच आहे. नसांचा आजार जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांनी उद्भवतो. तोवर आतड्यातला जंतू बहुधा नाहीसा झालेला असतो. म्हणजे तो पकडायचा असेल तर जुलाबाच्या वेळीच पकडायला हवा, आणि नेमक्या त्याच वेळी आपण ओआरएस आणि एक अँटिबायोटिक देऊन माणूस घरी पाठवतो. एखाद्या भागातल्या जुलाबाच्या दर काही रुग्णांपैकी एकाचा नमुना जरी नियमाने तपासला जात असता, तर पाण्यावरचा संशय काही दिवस आधी पक्का होण्याची शक्यता होती. नवलाख उंबऱ्यासारख्या गावात, जिथे लोकवस्ती नळयोजनेपेक्षा वेगाने वाढते आणि टँकर, बोअर, विहीर असे सगळेच पाणी प्यायले जाते, तिथे हा धडा पुण्यापेक्षाही जास्त लागू आहे.

जंतूला नाव देण्यात झालेल्या गोंधळाची किंमत महाराष्ट्राने याहूनही मोठी पाहिली आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले तेव्हा त्यावर सहजासहजी कोणी विश्वास ठेवला नाही. वाल्डेमार हाफकिन यांनी खात्री दिल्यावर ते मान्य झाले. तेव्हा प्लेगचा जंतू हाँगकाँगमध्ये ओळखला जाऊन दोनच वर्षे झाली होती, म्हणून ते समजण्यासारखे. पण ९८ वर्षांनी, १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठी दिसल्या आणि पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाचा प्लेग फैलावल्याची बातमी आली, तेव्हा आपली तयारी फार पुढे गेलेली नव्हती. काचपट्टीवर दोन्ही टोकांना गडद दिसणारे दांडके आणि रक्तजलाच्या चाचण्या यांवर निदान झाले. शुद्ध कल्चर वेळेत आणि निर्विवादपणे समोर आले नाही. प्लेगचा जंतू सावकाश वाढतो, ३७ पेक्षा २८ अंशांवर त्याला अधिक मानवते, आणि घाईत पाहिलेल्या थाळीवर त्याच्या बारीक वसाहती नजरेतून सुटतात. त्यातच सुरतेत लोकांनी टेट्रासायक्लिन इतके घेतले की दुकाने रिकामी झाली, आणि औषध पोटात गेलेल्या माणसाच्या नमुन्यातून जंतू वाढवणे कठीण. मग तज्ज्ञांतच वाद सुरू झाले: हा मेलिऑइडोसिस तर नाही? हंटा विषाणू तर नाही? तोवर आखाती देशांनी विमाने थांबवली, निर्यात अडली, सुरतेतून लाखो माणसे पळाली. जंतूच्या जनुकांवरून प्लेगच होता हे भारतीय शास्त्रज्ञांनी काही वर्षांनी दाखवले. साथ आटोपल्यावर मिळालेले ते उत्तर विज्ञानाच्या कामाचे होते, सुरतेच्या फारसे नाही.

आता आक्षेपांकडे. सर्वांत वजनदार आक्षेप वेळेचा: रुग्ण तापाने फणफणलेला असताना तीन दिवस कल्चरची वाट कशी पाहायची? वाट पाहायला कोणी सांगतच नाही. रक्त घ्यायला पाच-दहा मिनिटे लागतात. त्यानंतर डॉक्टरांनी आपल्या अंदाजाचे औषध लगेच सुरू करावे. रुग्ण अत्यवस्थ असेल आणि रक्त घेणे लांबत असेल तर औषध आधी, यातही वाद नाही. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला की औषध बदलायचे, कमी करायचे किंवा थांबवायचे. क्रम उलटा झाला, म्हणजे दोन डोस गेल्यावर रक्त घेतले, तर बाटलीत काही वाढण्याची शक्यता खूप घटते आणि मग ‘कल्चरमध्ये काही येतच नाही’ असे म्हणायला आपण मोकळे. खरे तर कल्चर अचूक नाही, हेही मान्य केले पाहिजे. टायफॉइडच्या शंभर रुग्णांपैकी साधारण साठ जणांच्याच रक्तात ते जंतू दाखवते. पण ते ‘आहे’ म्हणते तेव्हा आहेच. विडालच्या ‘आहे’ला तो भरवसा नाही.

खर्चाचा आक्षेप अर्धा खरा आहे. कल्चर विडालपेक्षा महाग पडते. मात्र हिशेब एका चाचणीचा करून चालणार नाही. न लागू पडलेले इंजेक्शन, तीन दिवसांची सलाईन, दुसऱ्या दवाखान्यातली दुसऱ्यांदा केलेली तीच विडाल, आणि कंत्राटी कामगाराचा बुडालेला आठवड्याचा रोज हे सगळे त्याच वहीत लिहिले पाहिजे. कारखान्यांतल्या ज्या कामगारांच्या पगारातून ईएसआयसाठी दरमहा ०.७५ टक्के कापले जातात आणि ज्यांच्यासाठी मालक ३.२५ टक्के भरतो, त्यांनी तर ही तपासणी हक्काने मागायला हवी. गावातल्या शेतकऱ्यासाठी आणि विम्याबाहेरच्या मजुरासाठी ती सरकारी आरोग्य केंद्रात मोफतच असली पाहिजे.

‘प्राथमिक आरोग्य केंद्रात कल्चरची प्रयोगशाळा कोण चालवणार?’ हा तिसरा प्रश्न. कोणीच नाही, आणि तशी गरजही नाही. केंद्रात लागते ती बाटली, सुई, नीट निर्जंतुक केलेली कातडी आणि काळजीपूर्वक भरलेली चिठ्ठी. आरोग्य केंद्रांतून नमुने गोळा करून मोठ्या प्रयोगशाळेत नेण्याची महालॅबसारखी व्यवस्था राज्यात आहेच. तिच्या गाडीत कल्चरच्या बाटल्यांना नेहमीची जागा मिळाली पाहिजे. यात एक सोयीची गोष्ट अशी की रक्ताची कल्चर बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नसते. रक्तजलाला थंड पेटी लागते, लघवी दोन तासांत पोहोचवावी किंवा थंड ठेवावी लागते, जुलाबाच्या नमुन्याला कॅरी-ब्लेअर नावाचे वाहक माध्यम लागते. ही बाटली मात्र खोलीच्या तापमानातच प्रवास करते. ती पोहोचवायची कुठे, तर तळेगावला. १९९५ पासून तिथे एमआयएमईआर हे वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागाशिवाय वैद्यकीय महाविद्यालय चालत नाही. शासनाने अशा महाविद्यालयांशी तालुक्यापुरता करार करावा, दर नमुन्यामागे पैसे द्यावेत आणि रिपोर्ट डॉक्टरच्या मोबाइलवर यावा. देशातली पहिली बीएसएल-४ प्रयोगशाळा उभारणारी एनआयव्ही याच जिल्ह्यात आहे. सरकारी डेंग्यू निदानासाठी देशभर जाणारे आयजीएम संच तीच बनवते. हे सगळे मावळच्या उंबरठ्यावर असताना इथल्या तापाने अनामिक राहावे, हे मला तरी पटत नाही.

चौथे म्हणणे आधुनिकांचे: कल्चर जुने झाले, आता पीसीआर आहे. क्षयरोगात हे बऱ्याच अंशी खरे ठरले. झील-नील्सन रंजनाने थुंकीत लाल दांडके शोधायचे आणि लोवेनस्टाइन-जेन्सन माध्यमावर सहा-आठ आठवडे वाट पाहायची, याऐवजी सीबीनॅट किंवा गोव्याच्या मोलबायोचे ट्रूनॅट काही तासांत जंतू दाखवते आणि रिफॅम्पिसिनला तो जुमानतो का हेही सांगते. पण क्षयासाठी ते जमले कारण शोधायचा जंतू एकच होता आणि मागे राष्ट्रीय कार्यक्रमाचे पैसे होते. अनोळखी तापात पीसीआर तेवढ्याच जंतूंविषयी बोलते ज्यांच्याविषयी तिला विचारले आहे. थाळी न विचारलेल्याचेही उत्तर देते. पण थाळीचीही हद्द आहे: स्क्रब टायफस, लेप्टो आणि डेंग्यू तिच्यावर उगवत नाहीत. त्यांच्यासाठी दिवस मोजून केलेली चाचणी लागते. डेंग्यूत पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ आणि नंतर आयजीएम, तेही झटपट पट्टीऐवजी एलायझावर. स्क्रब आणि लेप्टोसाठी आयजीएम एलायझा. म्हणून चिठ्ठीवर तापाचा कितवा दिवस, कोणते काम, गेल्या महिन्यात कुठे गेला होता, आधी कोणती गोळी घेतली, हे चार रकाने भरलेले असणे कुठल्याही यंत्राइतकेच महत्त्वाचे आहे. रिकाम्या चिठ्ठीवर आलेल्या नमुन्याचे प्रयोगशाळा काय करणार?

डॉक्टरांना एकट्यांना दोष देणे मात्र अन्याय होईल. ‘दोन दिवसांत उतरवा’ असा हट्ट धरणारा रुग्ण, एका दिवसाच्या रजेवर पगार कापणारा ठेकेदार, चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देणारे दुकान, हे सगळे मिळून त्यांच्या हातात सुई देतात. २०१४ पासून अनेक अँटिबायोटिक एच-१ या परिशिष्टात आहेत; ती चिठ्ठीशिवाय विकू नयेत आणि विक्रीची नोंदवही ठेवावी असा नियम आहे. नियम अंमलात आला असता तर निम्मा प्रश्न दुकानाच्या काउंटरवरच सुटला असता.

पुणे जिल्हा परिषदेने पुढच्या पावसाळ्याआधी मावळातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात कल्चरच्या बाटल्या ठेवाव्यात, नमुने उचलण्याची रोजची फेरी ठरवावी आणि कोणत्या गावातून कोणता जंतू निघाला, तो कोणत्या औषधाला दाद देत नाही, याचा तक्ता दर तीन महिन्यांनी स्थानिक डॉक्टरांना द्यावा. कंपन्यांनी आपल्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून शाळांना बाके देण्याबरोबर एखादे उबवणी यंत्रही द्यावे. आणि नवलाख उंबऱ्याच्या वाचकांनो, घरात कोणाला तीन दिवसांहून जास्त ताप असेल आणि डॉक्टर अँटिबायोटिक लिहीत असतील, तर संकोच न करता विचारा: ‘डॉक्टर, पहिला डोस देण्याआधी रक्त कल्चरला घेता का?’